साल पाहावे की हात पाहावा?

‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्याकडे तांदळाला लागू पडते, गुळाला लागू पडते आणि मुरलेल्या लोणच्याला तर पडतेच पडते. पण वाण्याच्या दुकानात जाऊन कोणी, “एकोणीस सालचा आंबेमोहोर द्या, वीस सालचा नको, त्या साली श्रावण कोरडा गेला होता,” असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. कोणी म्हटलेच, तर वाणी आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहील आणि मग उधारीच्या वहीकडे! फ्रान्सातल्या बर्गंडी प्रांतात मात्र हा व्यवहार रोजचा आहे. तेथल्या वाइनच्या बाटलीवर गावाचे नाव, मळ्याचे नाव, करणाराचे नाव आणि साल अशा चार गोष्टी छापलेल्या असतात. पहिली तीन नावे उच्चारता उच्चारता परक्याच्या जिभेला गाठ पडते, म्हणून गिऱ्हाईक चौथ्या गोष्टीला घट्ट धरून बसते. आकडा वाचायला फ्रेंच यावे लागत नाही.

या सदराच्या टपालात लंडनहून आलेले एक पत्र बरेच दिवस उत्तराची वाट पाहत पडले आहे. लिहिणारे गृहस्थ मूळचे सातारकडचे, वय अडुसष्ट, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीला २०२१ साली मुलगा झाला. जावई तिकडचा. तिकडच्या काही घरांत अशी चाल आहे की नातवंडाच्या जन्मसालची वाइन विकत घेऊन ठेवून द्यायची आणि ते अठरा किंवा एकवीस वर्षांचे झाले की सर्वांनी मिळून ती फोडायची. आजोबांनी हौसेने सहाशे पौंड बाजूला काढले आणि दुकान गाठले. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या. “२०२१? ते साल सोडा. २०२० घ्या, २०२२ घ्या. २०२१ हे ठेवणीचे साल नव्हे.” आजोबा आम्हांला विचारतात, “नातू तर २०२१ चाच आहे, त्याला काय वर्षभर थांबायला सांगायचे होते? हे साल खरेच इतके वाईट का? आणि घ्यावे तरी काय?”

पत्र वाचून हसू आले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. निवृत्त माणसाचे सहाशे पौंड आहेत, आणि ज्या दिवसासाठी ते खर्चायचे त्या दिवशी आजोबा ऐंशी ओलांडलेले असणार. तेव्हा उत्तर नीट द्यावयास हवे.

आधी थोडा भूगोल. बर्गंडीतला खरा नावाजलेला भाग म्हणजे दिजाँ शहरापासून दक्षिणेला बोन गाव ओलांडून जाणारी ‘कोत दोर’ नावाची डोंगराची उतरण. लांबी पन्नास किलोमीटरांच्या आसपास, आणि रुंदी काही ठिकाणी इतकी थोडी की म्हातारा माणूस काठी टेकीत घटकाभरात आडवा पार होईल. लाल वाइन पिनो न्वार या द्राक्षाची आणि पांढरी शार्दोनेची, हा येथला शिरस्ता. १३९५ साली ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणाऱ्या गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. म्हणजे द्राक्षाच्या जातीचा अभिमान किती जुना ते पाहा. पलीकडच्या बोर्दो प्रांतात तीन-चार जातींची द्राक्षे मिसळतात. एकीला पावसाने दगा दिला तर दुसरी सावरून घेते. बर्गंडीच्या लाल वाइनला असा भाऊबंद नाही. एकुलत्या एका मुलावर सारे घर!

त्यातून हा मुलगा नाजूक. पिनो न्वारचे घड गच्च आणि मण्यांची साल पातळ, आणि साल पातळ म्हणूनच येथे साल जड पडते. एप्रिलात कोवळ्या डोळ्यांवर दहिवर गोठले तर पीक गेले. फुलोऱ्यात गारठा पडला तर मणी धरत नाहीत. जूनमध्ये पाऊस लांबला तर केवडा आणि भुरी, आणि उन्हाळ्यात केव्हाही गारपीट. निफाडकडच्या बागाईतदाराला ही यादी वाचून दाखवली तर तो म्हणेल, “हे तर आमच्याकडचेच रडगाणे.” पारा उतरला की आपल्याकडच्या द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात, तिकडे वेलींच्या ओळींतून डबाभर मेणाच्या मोठाल्या मेणबत्त्या पेटवतात, गवताच्या पेंढ्या जाळून धूर करतात. एप्रिलच्या रात्री दूरवरून पाहणाराला वाटावे, डोंगरउतारावर दीपोत्सव चालला आहे. जवळ जावे तर कुटुंबेच्या कुटुंबे डोळ्यांत तेल घालून उष्णतामापकाकडे पाहत बसलेली.

आता पायऱ्यांकडे वळू, कारण भाव पायरीवरून ठरतो. सर्वांत खालच्या पायरीवर साऱ्या प्रांताच्या नावाची साधी ‘बुर्गोन्य’ वाइन. एकंदर मालापैकी सुमारे निम्मा माल हाच. तिच्या वर गावाच्या नावाची वाइन: वोल्ने, पोमार, जव्रे-शांबेर्तां वगैरे. तिच्या वर गावातल्या निवडक मळ्यांची ‘प्रेमिए क्रू’, सुमारे दहावा हिस्सा. आणि शिखरावर ‘ग्राँ क्रू’: नावे अवघी तेहतीस, माल शेकडा एकाच्या आसपास. एकेका मळ्याला तिकडे ‘क्लिमा’ म्हणतात. असे १२४७ क्लिमा मोजून युनेस्कोने २०१५ साली त्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली. सर्वांत प्रसिद्ध रोमाने-काँतीचा मळा दोन हेक्टरसुद्धा भरत नाही. तिच्या बाटलीचे नाव आपण येथेच घेतले आणि येथेच सोडले; सहाशे पौंडांत तिचे बूचसुद्धा मिळावयाचे नाही.

पण पायरी सांगितली म्हणजे सारे सांगितले असे होत नाही. क्लो द वूजो या ग्राँ क्रू मळ्याचे उदाहरण घ्या. बाराव्या शतकापासून सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी हा मळा वाढवला आणि त्याभोवती दगडी भिंत घातली. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, त्यांत हाही गेला. पुढे नेपोलियनच्या कायद्याने वारसांत सारख्या वाटण्या सुरू झाल्या. आज त्या एका भिंतीच्या आत पन्नासएक हेक्टरांत सुमारे ऐंशी मालक आहेत. भाऊबंदकीने जमिनीचे तुकडे कसे पडतात हे मराठी माणसाला सांगावयास नको! कोणाच्या वाट्याला उताराची वरची निचऱ्याची माती, कोणाच्या वाट्याला खालची पाणी धरणारी; कोणी घड विरळ करून थोडे पीक घेतो, कोणी मिळेल तेवढे घेतो. लेबलावर नाव एकच, साल एकच, आणि पेल्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आमच्या सांगण्याचा गाभा येथेच आहे. आपल्याकडे एखाद्या सुगरणीबद्दल ‘तिच्या हाताला चव आहे’ असे म्हणतात. तोच तांदूळ, तीच डाळ, तीच चूल. पण एकीचा वरणभात आठवणीत राहतो आणि दुसरीचा ताटात राहतो. बर्गंडीची बाटली घेताना आधी हात पाहावा, मग पायरी, आणि साल सर्वांत शेवटी. साल निरुपयोगी नाही. पण ‘ही घ्यावी का’ या प्रश्नापेक्षा ‘ही केव्हा फोडावी आणि कोणत्या मळ्याची घ्यावी’ या प्रश्नांना ते अधिक उपयोगी पडते. हे पटवून द्यावयाचे तर अलीकडची साले एकेक करून समोर उभी केली पाहिजेत.

२०१८ हे ऊन आणि सुबत्ता एकदम आलेले साल. पीक भरपूर, द्राक्षे गोड, मद्यार्क चढा. ज्यांनी वेळेवर खुडले त्यांची वाइन भारदस्त झाली. ज्यांनी आठवडाभर वाट पाहिली त्यांच्या वाइनीत मुरांब्याची छटा आली. २०१९ मध्येही ऊन होतेच, पण फुलोऱ्यात गळ झाल्यामुळे पीक कमी आणि रस दाट. उन्हाळा असूनही आंबटपणा टिकला, आणि वाइनला आंबटपणा म्हणजे आमटीला आमसूल. तो नसेल तर सारा गोडवा मचूळ. म्हणून २०१९ ला जाणकार मंडळी मोठा मान देतात. २०२० मध्ये हंगाम इतका लवकर आला की ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यातच खुडणीला जोर चढला. कोरड्या उन्हाळ्याचे ते साल, पण नवल असे की रंग गडद, तुरटपणा भरपूर आणि तरीही ताजेपणा शाबूत. लाल वाइन ठेवणीची झाली आणि पांढरीही उत्तम उतरली.

मग आले २०२१, आपल्या नातवाचे साल. मार्चच्या अखेरीस अवकाळी उबारा पडला आणि वेलींचे डोळे फुटले. लगेच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन-चार रात्री पारा शून्याखाली उतरला. काही ठिकाणी तर कोवळ्या फुटव्यांवर बर्फ पडला. शार्दोने पिनोच्या आधी फुटते, म्हणून पांढऱ्या वाइनच्या मळ्यांची अधिक धूळधाण झाली. अनेकांचे निम्म्याहून अधिक पीक एका आठवड्यात गेले. उरले त्याच्यावर ओल्या उन्हाळ्यात केवडा आणि भुरी यांनी हात मारला. खुडणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात झाली. काहींनी तर आंबवताना रसात साखर घातली. यात लबाडी नाही, कायद्याने मुभा असलेली ही जुनी रीत आहे. नेपोलियनचा मंत्री शाप्ताल याच्या नावाने ती ओळखली जाते. पण उन्हाळी सालांची सवय झालेल्या मंडळींना तिचा विसर पडला होता. निघाली ती लाल वाइन फिक्या रंगाची, हलकी, फुलांच्या वासाची, मद्यार्क बेताचा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बर्गंडी अशीच तर असे, असे म्हणणारे जाणकार आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत.

२०२२ पुन्हा उन्हाचे. पण जूनच्या अखेरीस जोरदार पाऊस झाला आणि तहानलेल्या वेलींना ऐन वेळी पाणी मिळाले. पीक चांगले, रस चांगला, तुरटपणा मऊ. पहिल्या दिवसापासून गोड बोलणारे हे साल. २०२३ मध्ये द्राक्षांचा नुसता पूर आला. अलीकडच्या काळात इतके पीक प्रांताने पाहिले नव्हते. त्यातच सप्टेंबरच्या आरंभी कडक ऊन पडले. ज्यांनी उन्हाळ्यातच घड काढून टाकण्याचे धैर्य दाखवले आणि खुडताना भाजलेले, कुजके मणी वेचून फेकले, त्यांची वाइन प्रसन्न आहे; बाकीच्यांची पाणी घातलेल्या दुधासारखी. २०२४ म्हणजे पाऊस, पाऊस आणि पाऊस. शाब्लीच्या मळ्यांना एप्रिलात गोठले, तर १ मेला गारांनी झोडपले. कोत दोरवर केवड्याने कहर केला. विशेषतः न्यूईकडच्या लाल वाइनचे उत्पादन नाव घेण्यापुरते राहिले. जे रासायनिक औषधे मारीत नाहीत त्यांचे हाल तर विचारू नका. पांढऱ्याने त्यातल्या त्यात तग धरला.

आता भावाची गंमत पाहा. व्यवहारात असे वाटावे की चांगल्या सालाचा भाव चढा आणि वाईट सालाचा उतरता. २०२१ चा माल इतका थोडा होता की भाव उतरण्याऐवजी चढला. २०२३ च्या मालाच्या वेळी तळघरे भरलेली आणि गिऱ्हाईक थकलेले, म्हणून बऱ्याच जणांनी भाव रोखून धरले आणि काहींनी उतरवले. म्हणजे भाव गुणाकडे पाहून जेवढा ठरतो तेवढाच पिंपांच्या संख्येकडे पाहून ठरतो. बर्गंडीचे एक पिंप २२८ लिटरांचे, त्यातून सुमारे तीनशे बाटल्या निघतात. लहान बागाईतदाराकडे एका मळ्याची दोनच पिंपे असतात. एका वर्षी ती एकावर आली, तर त्याने साऱ्या जगाला तीनशे बाटल्या कशा वाटाव्यात?

कीर्ती आणि उपयोग यांचेही असेच. २००५ सालचा केवढा गाजावाजा झाला! ते थोर साल होते यात शंका नाही. पण त्याच्या कितीतरी बाटल्या तुरटपणाने तोंड मिटून दहा-पंधरा वर्षे बसून राहिल्या, आणि त्या वाट पाहण्यात घेणाराचे वयही दहा-पंधरा वर्षांनी वाढले. २००७ ला मात्र कोणी फारसे विचारले नव्हते. त्याच्या लाल वाइनने पाच-सहा वर्षांत घरोघरच्या जेवणाला शोभा आणली. मोठे साल म्हणजे कडक शिस्तीचा मास्तर. त्याचा उपयोग पुढे कळतो, पण रोज संध्याकाळी गप्पा मारायला तो कामाचा नाही.

सालाच्या वेडाची हद्द कोठे जाते त्याचा एक किस्सा आहे. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात मोरे-सँ-दनी गावच्या पाँसो घराण्याच्या क्लो सँ-दनी वाइनच्या १९४५ पासूनच्या जुन्या बाटल्या मांडल्या गेल्या. घराण्याचे प्रमुख लोराँ पाँसो यांनी आक्षेप घेतला, कारण त्यांच्या घराण्याने त्या मळ्याची वाइन करावयास सुरुवात केली ती १९८० च्या दशकात! बाटल्या लिलावातून मागे घ्याव्या लागल्या. त्या पुरवणारा रूडी कुर्नियावान पुढे पकडला गेला, २०१३ मध्ये दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. या गृहस्थाने मुख्यतः सालच विकले. गिऱ्हाइके आकडा वाचून भारावली आणि ‘त्या साली ही वाइन होती तरी का’ हे विचारावयास विसरली. खऱ्या वाइनच्या बाबतीतही कमीअधिक हेच घडते.

मग सालाचा खरा उपयोग काय? आमच्या मते एक साधा हिशेब ठेवावा. उन्हाच्या साली थंड जागची वाइन घ्यावी आणि थंडीच्या साली उबदार जागची. पूर्वी डोंगरमाथ्यावरच्या ओत-कोत भागातली, किंवा सेंत-ओबँ, मार्साने, फिसँ, सँतने अशा बाजूच्या गावांतली द्राक्षे बऱ्याच वर्षी पुरती पिकत नसत. म्हणून ती नावे स्वस्त राहिली. आता २०१८, २०१९, २०२०, २०२२ यांसारख्या सालांत ती सुरेख पिकतात, आणि भाव अजून नावाप्रमाणे खालीच आहेत. दक्षिणेला मर्क्यूरे आणि जीवरीची लाल वाइनही हिशेबात धरावी. उलट २०२१ आणि २०२४ सारख्या सालांत उताराच्या मधल्या, ऊन धरणाऱ्या मळ्यांनाच बळ असते. तेव्हा त्या साली पायरी वरची घ्यावी आणि बाटल्या कमी घ्याव्यात.

पांढऱ्या वाइनविषयी एक सूचना. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कितीतरी उत्तम पांढऱ्या बर्गंड्या ठेवल्या ठेवल्या अकाली तपकिरी पडल्या. बुचापासून दाबण्याच्या यंत्रापर्यंत अनेकांवर बोट ठेवले गेले आणि बऱ्याच जणांनी आपल्या रीती सुधारल्याही. तरी म्यूरसो असो की पुलिनी-माँराशे, पांढरी बाटली नातवाच्या अठराव्या वर्षापर्यंत ठेवण्याचा जुगार साध्या गृहस्थाने खेळू नये. पाच-सात वर्षांत ती संपवावी.

इतके सांगून झाल्यावर आता सहाशे पौंडांचा निकाल लावू. भाव दुकानागणिक बदलतात, तेव्हा आकडे अंदाजाचे समजावेत.

पहिले दोनशे पौंड नातवाच्या नावे, आणि २०२१ चेच घ्यावे. दुकानदार म्हणतो ते साल साऱ्या प्रांतापुरते खरे आहे. प्रत्येक बाटलीपुरते खरे नाही. मात्र येथे हात पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. जव्रे-शांबेर्तां किंवा न्यूई-सँ-जॉर्ज या धष्टपुष्ट वाइनच्या गावांतल्या एखाद्या खात्रीच्या घराण्याची लाल प्रेमिए क्रू पाहावी, आणि मिळाली तर मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची बाटली घ्यावी. मोठ्या बाटलीत बुचातून शिरणारी हवा वाइनच्या मानाने थोडी, म्हणून ती सावकाश मुरते. घराण्याची परीक्षा कशी करावी? दुकानदाराला विचारावे की यांची २०११ किंवा २०१३ ची, म्हणजे त्यांच्या अडचणीच्या सालांची, बाटली अलीकडे कोणी फोडली आहे काय आणि ती कशी निघाली. चांगल्या साली सगळेच शहाणे असतात; हाताची पारख वाईट साली होते. आणि ही मॅग्नम २०३९ साली, नातू अठरा वर्षांचा होईल तेव्हाच फोडावी. २०२१ च्या अंगात एकविसाव्या वर्षापर्यंत ताणण्याइतके बळ असेलच असे नाही, आणि उगाच ताणण्यात शहाणपणही नाही.

दुसरे दोनशे पौंड आजोबांनी स्वतःवर खर्च करावेत. २०२२ ची मार्साने किंवा चांगल्या घराण्याची साधी लाल बुर्गोन्य, सहा बाटल्या. ही वाइन आताही गोड लागते आणि आणखी काही वर्षे लागत राहील. दरवर्षी नातवाच्या वाढदिवसाला एक फोडावी. सारे धन पुढच्या पिढीसाठी कुलपात ठेवून आपण कोरड्या घशाने बसण्यात कोणता धर्म आहे? तिसऱ्या वाट्याचे दीडशे-पावणेदोनशे २०२० च्या गावपायरीच्या लाल वाइनवर, तीन बाटल्या. पोमार चालेल, सावीन्यी चालेल. या २०३० च्या सुमाराला काढाव्यात. २०२३ मध्ये हात घालायचा तर पांढऱ्यात घालावा, पुयी-फुइसे किंवा सेंत-ओबँ, आणि लवकर पिऊन टाकावी. २०२४ च्या लाल वाइनचा मोह आवरावा. थोडा माल, चढा भाव आणि हाताहाताप्रमाणे फार मोठा फरक. ओळखीचे घराणे असेल तरच विचार करावा.

उरलेले पन्नासएक पौंड साठवणुकीला. लंडनकडचे व्यापारी अल्प वार्षिक भाड्याने बाटल्या थंड वखारीत ठेवून घेतात. बारा-चौदा अंश उष्णमान, अंधार आणि स्वस्थपणा एवढेच वाइनला लागते. ही मॅग्नम हौसेने मुंबईला आणून कपाटात ठेवाल, तर दोन वैशाखांत तिचे सरबत होईल. वखारीची पावती मुलीच्या नावे करून ठेवावी. कारण उघड आहे आणि आजोबा जाणते आहेत.

सालावरचा विश्वास सैल करण्याचे आणखी एक कारण आहे. बोन गावच्या खुडणीच्या तारखा १३५४ पासून जुळवून काढलेल्या आहेत, आणि २०१८ पर्यंतची ही सारी मालिका २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. शतकानुशतके खुडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या आसपास सुरू होत असे. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली आहे. जेथे पूर्वी ऊन पडले की आनंद होत असे, तेथे आता पाऊस पडला की आनंद होतो. तेव्हा ‘उन्हाचे साल थोर, थंडीचे साल हलके’ हे ज्या पुस्तकांत छापले आहे ती पुस्तके दुसऱ्याच हवामानात लिहिली गेली. मार्चमध्ये डोळा लवकर फुटतो म्हणून एप्रिलची थंडी पूर्वीपेक्षा जास्त जाळते. २०१६ च्या एप्रिलात एका रात्रीत हेच झाले आणि २०२१ मध्ये पुन्हा झाले. उद्याची साले अशीच टोकाची यावयाची. अशा वेळी बारा महिने वेलीजवळ राहणारा माणूस कोण, हे विचारणाऱ्याचे पैसे वाया जाण्याचा संभव कमी.

हा अंक वाचकांच्या हाती पडतो त्या सुमारास बोन गावात लिलावाची तयारी चालू असते. १४४३ साली स्थापन झालेल्या तेथल्या धर्मादाय रुग्णालयाला दात्यांनी शतकानुशतके द्राक्षमळे अर्पण केले. त्या मळ्यांची नवी वाइन १८५९ पासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी पिंपागणिक लिलावात विकली जाते आणि पैसा रुग्णालयाच्या कामी लागतो. साल बरे असो की वाईट, रोगी यावयाचे थांबत नाहीत, म्हणून लिलावही बहुधा होतोच आणि बोली लावणारेही येतात. २०२१ च्या नोव्हेंबरातही तो झाला, नेहमीपेक्षा फार थोडी पिंपे घेऊन. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. आणि ज्यांना वाइनशी कर्तव्य नाही त्यांनी हाच हिशेब पुढच्या वैशाखात हापूसची पेटी घेताना करून पाहावा. पेटीवरचे नाव कोणीही छापतो. बाग कोणाची, ते आधी विचारा.